सत्तर पौंडांचं धनुष्य आणि वाळपईचं कुळागर

दिवाळी उरकल्यावर चार दिवस काढून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईला मावशीकडे जाऊन आलो. निमित्त दादाच्या धनुष्याचं. दादा माझा मावसभाऊ. सात वर्षं कॅनडात होता, तिथे परवाना काढून हरणाच्या शिकारीला जायचा. कायमचा परत आला तेव्हा सामानात शिकारीचं कंपाउंड, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, धनुष्यही आलं. मी कोल्हापुरात क्लबवर पन्नास पौंडांच्या टार्गेट कंपाउंडने सराव करतो. फोनवर तो सहज म्हणाला, "सत्तर पौंडांचं आहे." म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो. तेव्हापासून माझे हात शिवशिवत होते.

धनुष्य घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवावी. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. त्याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतो, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरताना म्हादई अभयारण्य अगदी शेजारी असतं. तेव्हा धनुष्य कुलूपबंद पेटीत, बाण वेगळ्या नळीत, आणि दरीच्या काठावर धनुष्य हातात धरून फोटो काढायची हौस घरीच ठेवायची. घाट उतरल्यावर एका नाक्यावर माझ्या धनुष्याची पेटी उघडायला लावली. हवालदारांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं बोटाने फिरवून बघितली आणि विचारलं, "ह्याला इंजिन कुठे असतं?" क्लबचं ओळखपत्र आणि बिलाची झेरॉक्स वरच्या कप्प्यात होती, पाच मिनिटांत सुटलो. विमानाने येणार असाल तर धनुष्य आणि बाण दोन्ही चेक-इनच्या सामानात; केबिनमध्ये यातलं काहीच चालत नाही.

एक चूक मात्र केली. जेवायला थांबलो तेव्हा गाडी तासभर उन्हात उभी होती आणि धनुष्य आत. बंद गाडीतल्या उष्णतेने दोरी ताणते. संध्याकाळी ओढून बघतो तर पीप साइट, म्हणजे दोरीत बसवलेलं नेम धरायचं छिद्र, डोळ्यासमोर वाकडी. कंपाउंडची दोरी काढायला प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागतो, तो खेड्यात कुठून आणणार? दादाने डी-लूप, म्हणजे दोरीवरचा छोटा फास, थोडा फिरवून वेळ निभावली. गाडी सावलीत लावा, नाहीतर पेटी उचलून हॉटेलात घेऊन बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत गेलो. पोफळींच्या मधून वीस मीटरची मोकळी पट्टी, शेवटी चिऱ्यांचा बांध, त्याच्यापुढे जुन्या साड्या ठासून भरलेली तांदळाची पोती. मी दादाचं धनुष्य घेतलं आणि ओढलं. ओढलं म्हणजे काय, आधी आभाळाकडे उचललं, पाठ मागे टाकली, दात आवळले आणि कसंबसं खाली आणलं. दादा काही बोलला नाही. पडवीतली प्लॅस्टिकची खुर्ची आणून मांडली. म्हणाला, "बस. पाय वर उचल. आता सरळ निशाण्याकडे धरून सावकाश ओढ."

नाही ओढता आलं.

"तिकडे थंडीत तीन-तीन तास न हलता बसावं लागतं. हात गारठलेले असतात. समोर हरण आल्यावर तू असा आभाळाकडे हात उंचावलास तर ते थांबेल?" ही परीक्षा घरच्या घरी करता येते, आणि धनुष्य विकत घ्यायच्या आधी करावी. बसून, पाय अधांतरी, न झटकता जेवढं ओढता येतं तेवढाच आपला पौंडेज. कंपाउंडला लेट-ऑफ असतो, म्हणजे ८० टक्के लेट-ऑफ असेल तर सत्तराचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात जेमतेम चौदा पौंड राहतात. दुकानात माणूस या चौदावर भाळतो. खांदा जातो तो आधीच्या सत्तरात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली. त्या स्पर्धांत कंपाउंडला साठ पौंडांच्या वर मुभाच नाही. दादाही कॅनडात साठ-बासष्टवरच शिकार करायचा. मला फोनवर सत्तर सांगितलं ते लिंबावर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, छापलेलं होतं म्हणून!

मग त्याने अॅलन कीने दोन्ही लिंबांचे बोल्ट सारखेच सैल केले. एका फेऱ्यात साधारण दोन-तीन पौंड उतरतात. वर एक आणि खाली दीड असा हिशेब करायचा नाही, आणि पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सोडायचं नाही. तीन फेऱ्यांनंतर मी खुर्चीतून ओढू शकलो.

मी माझे बाण काढले तर दादाने ते हातातून काढूनच घेतले. एक बाण माझ्या कानाजवळ आणून दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवला. "ऐक. करकरला तर चिरलाय. प्रत्येक बाण मारायच्या आधी हे करायचं." माझा चिरलेला नव्हता, पण चालणारही नव्हता. माझे ५०० स्पाइनचे, त्याचे ३४० चे. स्पाइन म्हणजे २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर १.९४ पौंडांचं वजन टांगलं की तो इंचाचे किती हजारांश वाकतो ते माप. आकडा लहान तेवढा बाण ताठ. नवखा माणूस हमखास उलटं समजतो. जोरकस धनुष्यावर मऊ बाण सुटताना इतका वाकतो की फुटून कार्बनची सळई हातात घुसू शकते. शिवाय माझा बाण वजनाने ३३० ग्रेनचा. बहुतेक कंपन्या दर पौंडाला किमान पाच ग्रेन सांगतात, म्हणजे सत्तराला ३५०. त्याहून हलका बाण मारणं म्हणजे बाण न लावताच दोरी सोडून धनुष्याची वाट लावण्यासारखंच.

दादाचा बाण ४४० ग्रेनचा, साडेअठ्ठावीस ग्रॅम. जाहिरातीत वेगाचा जो आकडा छापतात तो सत्तर पौंड, तीस इंच ड्रॉ (दोरी ओढायची लांबी) आणि ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला असतो. आपला ड्रॉ सत्तावीस-अठ्ठावीस, आपल्या हाती तो वेग यायचा नाहीच. त्यापेक्षा जरा जड बाण घ्यावा. वेग थोडा जातो, पण धनुष्याचा आवाज आणि थरथर कमी होते आणि बाण आत जास्त जातो. हे मी पोत्यांवर बघितलं. माझ्या क्लबच्या बाणाने जे पोतं सहा महिने टिकलं असतं, त्यातून दादाचा बाण पिसांपर्यंत आत गेला. उपसताना दोघांनी पोत्यावर पाय रोवले, तरी हलेना. शेवटी साबणाचं पाणी ओतलं. पुढच्या वेळी फोमचा दाट ठोकळा घेऊन जाणार, तुम्हीही न्या.

दुपारी शेजारचे काका आले. डुकरांनी त्यांच्या सुरणाचा वाफा रात्रीत नांगरल्यासारखा उलटापालटा केला होता. ते धनुष्याकडे बघत म्हणाले, "एक तरी दुकर मार मरे!" दादाने हात जोडले आणि त्यांच्यासोबत वाफा बघायला गेला. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या धारदार टोकांची डबी त्याने कॅनडातच देऊन टाकली आहे. इथे फक्त गोल टोकं.

शेवटचा बाण माझा चुकला. दादाचा, ३४० चा. पोत्याच्या वरून जाऊन सरळ चिऱ्यावर. टोक आत दाबलं गेलं आणि नळी बोटभर उभी चिरली. बांधापुढे आणखी एक पोत्यांची रांग लावायला हवी होती. दादाने चिरेवर इन्सुलेशन टेप गुंडाळून तो कोपऱ्यात ठेवला. निघताना परसात बघतो तर मावशीने तो मातीत रोवून त्यावर चवळीचा वेल चढवला होता. "पुता, आणखी दोन असले तर दी," म्हणाली.