दहाचा उणे बारावा घात

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एक्सटर्नल म्हणून गेलं की काय बघायला मिळणार ते साधारण ठरलेलं असतं: सुवाच्य जर्नल्स, सह्यांसाठी लागलेली रांग आणि पुस्तकातल्या किमतीशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळणारी उत्तरं. त्या तालुक्याच्या कॉलेजात मात्र इंटर्नल सरांनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, हे बघा. आकडा ढापलाय, आणि तोही धड ढापता आलेला नाही."

प्रयोग मिलिकनचा, तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज (विद्युतभार) काढण्याचा. दोन आडव्या पट्ट्यांमध्ये तेलाचा बारीक फवारा सोडायचा, मायक्रोस्कोपमधून एखादा थेंब पकडायचा आणि तो खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग पट्ट्यांना व्होल्टेज देऊन तोच थेंब अधांतरी थांबवायचा. डोळे दुखून येतात. मुलानं काढलेला सर्वांत लहान चार्ज होता १.८३ गुणिले १०चा उणे १२वा घात. पुढे एकक नाही.

प्रयोगाच्या सूचनांचा कागद टाइपरायटरच्या काळातला, सगळा सीजीएसमध्ये, म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदाच्या जुन्या पद्धतीत. खाली अपेक्षित उत्तर दिलेलं: ४.८० गुणिले १०चा उणे १०वा घात, ईएसयू (त्या पद्धतीतलं विजेचं एकक). मुलाचं उत्तर त्याच्या आसपासही नव्हतं. सरांचं म्हणणं असं की हल्लीच्या प्रत्येक पुस्तकात इलेक्ट्रॉनचा चार्ज १.६ गुणिले १०चा उणे १९वा घात कूलोम (चार्जचं आजचं एकक) असा असतो. पोरानं सुरुवातीचा आकडा तेवढा त्याच्या जवळ नेऊन ठेवला आणि घात मनानं टाकला. शून्य द्यावं.

मला ते पटेना. ढापणारा १.६० लिहील, फार तर १.६२. १.८३ कशाला लिहील? मुलाला बोलावलं. घाबरलेला होता. "मॅडम, जे आलं तेच लिहिलंय," एवढंच म्हणाला. त्याचा रफ कागद मागून घेतला आणि एका थेंबाचा हिशेब पहिल्यापासून केला. वजन डाइनमध्ये (बलाचं सीजीएस एकक), बरोबर. पट्ट्यांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये, बरोबर. दोन्हींचा गुणाकार भागिले व्होल्टेज. आणि व्होल्टेज म्हणून व्होल्टमीटरवर दिसलेला आकडा, जसाच्या तसा.

कागदावरच्या सूत्राला व्होल्टेज ईएसयूमध्ये हवं होतं. त्यातलं एक एकक म्हणजे २९९.७९ व्होल्ट. मुलानं तीनशेनं भागलंच नव्हतं, म्हणून चार्ज तीनशेपट लहान आला. त्याच्या उत्तराला तीनशेनं गुणलं की ५.४९ गुणिले १०चा उणे १०वा घात ईएसयू. म्हणजे ठिकाणावर.

सर म्हणाले, "ठीक आहे, पण मग सुरुवातीचा आकडा कूलोमवाल्यासारखा कसा?" प्रश्न रास्त होता, आणि खरी गंमत त्यातच होती. डाइन गुणिले सेंटिमीटर म्हणजे अर्ग, ऊर्जेचं सीजीएस एकक. पोरानं अर्गला व्होल्टनं भागलं होतं. जूलला व्होल्टनं भागलं की कूलोम मिळतो, आणि अर्ग हा जूलचा एक कोटीवा भाग. तेव्हा त्याचं उत्तर ना ईएसयूमध्ये होतं ना कूलोममध्ये, ते कूलोमच्या कोटीव्या भागात होतं. घातातून सात वजा करा, उणे १२चा उणे १९ होतो. तीनशेनं भागायला विसरणाऱ्या कुणाचाही आकडा कूलोमवाल्यासारखाच दिसणार. त्यासाठी मोबाइलवर आकडा शोधावा लागत नाही.

राहिली ती ४.८०पेक्षा चौदा टक्क्यांची वाढ. मला तीच सर्वांत बोलकी वाटली. थेंब इतका बारीक असला की हवेचे रेणू त्याला स्टोक्सच्या नियमाइतका (पडणाऱ्या गोळ्याला होणारा विरोध सांगणारा नियम) विरोध करत नाहीत. त्यासाठी कनिंगहॅमची दुरुस्ती करावी लागते, आणि ती या कागदावर नव्हतीच. ती सोडली तर मायक्रॉनभर त्रिज्येच्या थेंबावर चार्ज बारा-चौदा टक्के जास्त येतो. म्हणजे चूक हवी त्या दिशेला आणि हवी तेवढी. रचून आणलेल्या आकड्याला हे जमत नाही. खुद्द मिलिकनची १९१३ची किंमत ४.७७४ होती, आजच्या ४.८०३पेक्षा सुमारे ०.६ टक्क्यानं कमी, कारण त्यानं हवेची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) जराशी कमी धरली होती.

व्हायवात मी मुलाला विचारलं, एका कूलोममध्ये किती ईएसयू? माहीत नव्हतं. सुमारे तीनशे कोटी, मी सांगितलं, आणि हा तीनाचा आकडा प्रकाशाच्या वेगातून येतो. एक सेंटिमीटरवरचे दोन सारखे चार्ज एकमेकांना एका डाइननं ढकलत असतील तर तो प्रत्येक चार्ज एक ईएसयू. कूलोम मात्र विद्युतप्रवाहाकडून आलेला. या दोन घराण्यांतलं गुणोत्तर वेबर आणि कोलराउश या शास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये मोजलं, ते सेकंदाला ३१ कोटी मीटरच्या आसपास भरलं, आणि पुढे मॅक्सवेलनं त्यावरून प्रकाश विद्युतचुंबकीय असल्याचं ताडलं. मुलगा ऐकत होता की निकालाची काळजी करत होता, सांगता येत नाही. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजत नाहीत, १.६०२१७६६३४ हा आकडा व्याख्येनंच पक्का केलाय, हे मात्र त्यानं आपणहून सांगितलं. तेव्हा सरांनीही मान वर केली.

मार्कांवर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. सरांचं म्हणणं, अपेक्षित किमतीहून शेकडोपट लहान उत्तर येतंय आणि मुलाला काहीच खटकत नाही, म्हणजे त्याला प्रयोग कळलेला नाही. हे मलाही खोडता आलं नाही. मोजमापांचे पूर्ण मार्क दिले, गणिताचे निम्मे, आणि एकक न लिहिल्याचे कापले. कागदात दुरुस्ती करायची सरांनी कबूल केलं. पण सीजीएस ठेवून तीनशेची सूचना ठळक करायची की सगळंच एसआयमध्ये (मीटर-किलोग्रॅम-सेकंदाच्या आजच्या पद्धतीत) आणायचं, यावर जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुन्हा वाद घातला.