तोंडाच्या आकृतीत ‘भाषा’

मंगळवारी सकाळी ऑफिसात येऊन मेल उघडली. एक स्क्रीनशॉट आणि खाली जर्मनमधली एकच ओळ: हे काय आहे, सांगाल का?

स्क्रीनशॉट दातांच्या दवाखान्यात वापरायच्या सॉफ्टवेअरचा होता. उघडलेल्या तोंडाची आकृती, प्रत्येक भागापासून निघालेली रेघ आणि रेघेच्या टोकाला त्या भागाचं नाव. ओठ, हिरड्या, टाळू, गालाची आतली बाजू, सगळं बरोबर. मधोमध, जिभेच्या गुलाबी आकाराला जोडलेल्या रेघेशी लिहिलं होतं ‘श्प्राखे’. श्प्राखे म्हणजे भाषा. जर्मनमध्ये जिभेला ‘त्सुंगे’ म्हणतात. त्या नावाखाली डॉक्टरांनी निवडायचे पर्याय होते: नेहमीसारखी, पांढरा थर, सूज, व्रण. म्हणजे तिकडे कुणी रुग्णाची नोंद केली असती, तर ती ‘भाषा: सूज’ अशी झाली असती.

मी पुण्यात लोकलायझेशनमध्ये काम करते. परदेशी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषांत न्यायचं, त्या त्या देशातल्या भाषांतरकारांकडून काम करून घ्यायचं आणि शेवटी ते तपासायचं. फ्रेंच आणि रशियन मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, जर्मन कामापुरतं वाचता येतं. हे सॉफ्टवेअर एका फ्रेंच कंपनीचं होतं. मूळ मजकूर फ्रेंचमध्ये, भाषांतरं २२. जर्मनीतल्या एका दवाखान्यात चाचणी चालू होती आणि शुक्रवारी सगळ्या भाषा एकदम बाहेर पडणार होत्या. जर्मन फाइल तपासून ‘ठीक’ असा शेरा मारणारी मीच होते.

चूक कुठे झाली ते कळायला दहा मिनिटं पुरली. फ्रेंचमध्ये जीभ म्हणजे ‘लाँग’ आणि भाषा म्हणजेही ‘लाँग’. सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द दोन जागी होता, एकदा सेटिंगमध्ये भाषा निवडायला आणि एकदा तोंडाच्या आकृतीत. डेव्हलपर मंडळींची पद्धत अशी, की तीच अक्षरं दोनदा आली तर एकच स्ट्रिंग, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराचा एकच तुकडा, ठेवायची, म्हणजे भाषांतराचे पैसे दोनदा पडत नाहीत. आम्हाला पडदे दिसत नाहीत, मिळते ती अकारविल्हे लावलेली लांबच लांब यादी. त्या यादीत प्रयोगशाळा आणि रुंदी यांच्या मध्ये ‘लाँग’ एकटाच बसलेला. सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द दिसला की भाषांतरकाराचा हात आपोआप ‘भाषा’ लिहितो. माझ्या डोळ्यांनीही तेच वाचलं.

फ्रान्समधल्या डेव्हलपरला फोन केला. तो मनापासून गोंधळला होता. “पण आमच्याकडे तर बरोबर दिसतंय,” तो म्हणाला. त्याच्याकडे ते बरोबरच होतं. फ्रेंच माणसाने ती आकृती वर्षभर पाहिली असती तरी त्याला त्यात काही खटकलं नसतं.

दोन वेगळ्या स्ट्रिंग करून द्यायला तो लगेच तयार झाला. प्रश्न उरला तो बाकीच्या २१ भाषांचा. कुठे मोडलंय आणि कुठे नाही, हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. मी एक शीट केली, दोन रकाने आखले, ‘भाषा (मेनू)’ आणि ‘जीभ (अवयव)’, आणि सगळ्यांना पाठवून दिली.

पहिलं उत्तर पोलिश बाईंचं. दोन्ही रकान्यांत ‘येंझिक’. मग झेक, स्लोव्हाक, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, बल्गेरियन: याझिक, येझिक, एझिक, उच्चाराचा थोडा फरक, पण दोन्ही रकाने सारखे. इटालियनमध्ये ‘लिंग्वा’, ग्रीकमध्ये ‘ग्लोसा’, तेही दोन्हीकडे. रोमानियनवाल्याने मात्र दोन रकाने मिळाल्याबद्दल आभार मानले. शब्द एकच असला, तरी मेनूत त्याला तो साधा हवा होता आणि आकृतीत शेवटी उपपद जोडून ‘लिंबा’ असा.

मग स्पॅनिश बाईंची मेल आली, थोडी खंतावलेली. त्यांच्याकडे जीभ म्हणजे ‘लेंग्वा’ आणि भाषेलाही ‘लेंग्वा’ चालतं. “मी तो शब्द लिहिला असता तर कुणाला काही कळलंही नसतं,” त्यांनी लिहिलं. “पण मेनूत आम्ही ‘इदिओमा’ लिहितो, तेच लिहिलं.” पोर्तुगीजमध्ये हुबेहूब हीच गत. ‘इदिओमा’ मूळचा ग्रीक, त्याच्या पोटात ‘स्वतःचं, आपलं खास’ असा अर्थ आहे. जिभेशी त्याचा काही संबंध नाही. आता तो शब्द दातांच्या मागे जाऊन बसला होता. व्यवहाराला धरून नेमका शब्द निवडला म्हणूनच त्या दोघांची फाइल चुकली होती, आणि हे मला फार लागलं. दोष त्यांच्याकडे जात नव्हता.

युक्रेनियन मी जवळजवळ वगळणारच होते. रशियनमध्ये ‘यिझीक’ म्हणजे जीभही आणि भाषाही. युद्धात माहिती काढण्यासाठी पकडून आणलेल्या शत्रूच्या सैनिकालाही रशियन शिपाई ‘यिझीक’च म्हणत, हे ऐकल्याचा दिवस मला अजून आठवतो. तेव्हा सगळं स्लाव्ह घराणं एकाच माळेतलं, असं मी मनात धरून चालले होते. युक्रेनियन बाईंनी शीट भरून पाठवली: जीभ ‘याझिक’, भाषा ‘मोवा’. खाली एक ओळ होती, की आमच्यात याझिक तोंडात असते आणि मोवा बोलतात, कृपया या दोघींची अदलाबदल कुठेही होऊ देऊ नका. ‘मोवा’ हा बोलणे या अर्थाच्या क्रियापदाजवळचा शब्द. शेजारच्या मोठ्या भाषेवरून यांचं ठरवायचं, ही सवय किती सहज लागते आणि ज्यांच्यावर ती लादली जाते त्यांना ती किती बोचत असेल, हे त्या ‘कृपया’मध्ये दिसलं. मी त्यांना वेगळी मेल लिहून आभार मानले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिनिश, एस्टोनियन आणि हंगेरियन आल्या. या तिन्ही आपल्या इंडो-युरोपीय कुळातल्या नाहीत. तरी फिनिशमध्ये ‘किएली’ जीभही आणि भाषाही, एस्टोनियनमध्ये त्याच शब्दाचं भावंड, हंगेरियनमध्ये ‘न्येल्व’. घराणं वेगळं, पण बोलणं जिभेच्या नावाने ओळखायचं हे त्यांनाही सुचलेलं. फिनिश भाषांतरकाराने आपण होऊन कळवलं, की कांतेले नावाच्या त्यांच्या पारंपरिक वाद्याची तारही ‘किएली’च. मला ते वाचून तंबोरा आठवला. तार छेडली की बोलते, असं आपणही म्हणतोच.

उत्तरेकडच्या भाषा मात्र एकेक करून दुसऱ्या बाजूला पडत होत्या. स्वीडिशमध्ये भाषा ‘स्प्रोक’ आणि जीभ ‘तुंगा’, डॅनिशमध्येही तसंच. गंमत अशी, की हा ‘स्प्रोक’ त्यांचा मूळचा नव्हे, तो मध्ययुगात हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या ‘लो जर्मन’ बोलीतून तिकडे गेला. त्याआधी ते लोक आपल्या बोलीला ‘डॅनिश जीभ’च म्हणत. डचमध्ये भाषा ‘ताल’, तिचं नातं इंग्रजीतल्या ‘टेल’ म्हणजे गोष्ट आणि जर्मनमधल्या ‘त्साल’ म्हणजे आकडा या शब्दांशी आहे. लॅटव्हियन ‘वालुओदा’ आणि ‘मेले’. लिथुआनियनमध्ये भाषा ‘काल्बा’, बोलण्यावरून आलेला शब्द, आणि जीभ ‘ल्येझुविस’.

संध्याकाळी चारला हिशेब लागला. १२ भाषांत काही बिघडलेलं नव्हतं, १० भाषांत तोंडात ‘भाषा’ बसली होती. इंग्रजीही त्या दहांत होती. तिच्याकडे मातृभाषेसाठी ‘मदर टंग’ आहे, पण मेनूत ‘टंग’ कोण लिहील? तिथे ‘लँग्वेज’च लागतो, आणि तो तर फ्रेंच ‘लाँग’च्याच घरातून आलेला.

शीट समोर ठेवून मी जरा वेळ नुसती बसले. मराठी या यादीत नव्हती, पण ती कुठल्या रकान्यात जाईल हा विचार आल्यावाचून राहिला नाही. आपली ‘भाषा’ संस्कृत ‘भाष्’ म्हणजे बोलणे यावरून आणि ‘बोली’ बोलण्यावरून, म्हणजे आपण श्प्राखे आणि काल्बाच्या बाजूचे. फारसीत ‘जबान’ जीभही आहे आणि भाषाही, आणि तिच्यावरून आलेली ‘जबानी’ आपल्या कोर्टकचेऱ्यांत अजून चालते. पण खरी जवळीक दुसऱ्या रकान्यात आहे. जीभ आली ‘जिह्वे’वरून, आणि जिह्वा, जबान, लॅटिन ‘लिंग्वा’, जर्मन ‘त्सुंगे’, स्वीडिश ‘तुंगा’, इंग्रजी ‘टंग’, पोलिश ‘येंझिक’, लिथुआनियन ‘ल्येझुविस’ ही सगळी एकाच अतिप्राचीन शब्दाची लेकरं. ऐकताना पटत नाही, कारण सुरुवातीचं व्यंजन जागोजागी बदललं. लिंग्वा जुन्या लॅटिनमध्ये ‘दिंग्वा’ होती, तिचा ‘ल’ झाला तो चाटण्याच्या क्रियापदाच्या ओढीने. लिथुआनियनमध्येही तेच घडलं. ते चाटणं संस्कृतात ‘लिह्’, आणि त्यावरूनच आपला ‘अवलेह’. घरात च्यवनप्राशच्या बरणीवर मी हा शब्द लहानपणापासून वाचत आले होते.

हे सगळं मला त्या दिवशी नुसतं शब्दांचं कौतुक वाटलं नाही, त्याला कारण आकृतीखालचा शेवटचा पर्याय होता: व्रण.

माझी आत्या कराडची. आयुष्यभर मिश्री लावायची, तिच्या वयाच्या कितीतरी बायका लावायच्या तशी. जिभेच्या कडेला फोड आला, तो महिना झाला तरी बरा होईना. तिथल्या दंतवैद्यांनी पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘जीभ, उजवी कड, व्रण’. त्या चार शब्दांच्या जोरावर तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तपासणी झाली, ऑपरेशन झालं. जिभेचा काही भाग काढावा लागला. ती वाचली. पुढची बरीच वर्षं आमच्यात होती.

बोलणं परत यायला वेळ लागला. प, ब, म ही अक्षरं ओठांची, ती लगेच आली. ट, ड कसेबसे. ‘ळ’ कधीच आला नाही, कारण त्याला जिभेचं टोक मागे वळवावं लागतं. मला ती ‘बाळा’ म्हणायची, ते ‘बाया’ झालं. पोळी ‘पोयी’ झाली, केळं ‘केयं’. सुरुवातीला तिने पाटी जवळ ठेवली होती, आणि पाटीवर मात्र ती प्रत्येक ‘ळ’ नीट, दोन्ही गाठी गोल काढून लिहायची. जीभ आणि भाषा यांत किती अंतर आहे आणि ती किती जवळ आहेत, हे मला रानडेच्या वर्गात कळलं नव्हतं. ते त्या पाटीवर कळलं होतं.

म्हणून लिथुआनियातल्या कुठल्यातरी दवाखान्यात ‘काल्बा: व्रण’ अशी नोंद झाली असती, हा विचार मला सहन होईना. डॉक्टर समोर असतील तर त्यांना समजेल. पण तो कागद दुसऱ्या शहरात गेला, दुसऱ्या भाषेत गेला, कुणी घाईत वाचला, की काय होईल?

साडेपाचला डेव्हलपरकडून दोन स्ट्रिंगची नवी फाइल आली. प्रत्येकीला टीप लिहायचा रकाना असतो, तो एरवी रिकामा असतो. मी पहिल्याच्या टिपेत लिहिलं, ‘सेटिंगमधला मेनू, वापरणाऱ्याने भाषा निवडायची’. दुसऱ्याच्या टिपेत लिहिलं, ‘तोंडातला अवयव, तपासणीच्या आकृतीत’. सोबत पडद्याचं चित्र जोडलं. ज्या १२ भाषांत शब्द एकच होता त्यांनाही दोन्ही जागी तो स्वतंत्रपणे भरायला लावला. पोलिश बाईंनी विचारलं, दोन्हीकडे तेच असताना दोनदा का? मी त्यांना जर्मन स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर आलं, “समजलं,” आणि पाठोपाठ भरलेली फाइल.

रात्री आठला जर्मनीहून नवा स्क्रीनशॉट आला. गुलाबी आकाराच्या रेघेशी ‘त्सुंगे’. मी तो मोठा करून पाहिला, सगळी नावं पुन्हा वाचली.

निघता निघता डेव्हलपरचा निरोप आला, की असे आणखी शब्द असतील का? मी फ्रेंच यादी वरून उघडली. ‘पाले’ म्हणजे टाळू आणि राजवाडाही, पण दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये राजवाडा कुठून येणार? ‘कुरॉन’ म्हणजे मुकुट आणि दातावर बसवायची टोपीही, तिथेही धोका नव्हता. मग ‘ब’वर नजर थांबली. ‘बुताँ’ म्हणजे पडद्यावरचं बटण, आणि ओठावर येणारी पुटकुळीही. यादीत तो शब्द एकदाच होता. मी बॅग खाली ठेवली आणि पुन्हा २२ जणांना मेल लिहायला घेतली.