रॉकेट ग्लायडरचा पंख, तिसरा प्रयत्न: 4.6 ग्रॅम

रॉकेट ग्लायडर म्हणजे छोट्या रॉकेट मोटरवर वर जाणारं आणि मग तरंगत खाली येणारं मॉडेल विमान. आज त्याचा तिसरा पंख काट्यावर चढला. टिश्यू (पंखावर चिकटवलेला पातळ कागद) आणि डोप (तो ताणून घट्ट करणारं वार्निश) धरून 4.6 ग्रॅम. विस्तार टोकापासून टोकापर्यंत 450 मिमी, कॉर्ड, म्हणजे पुढून मागे रुंदी, मुळाशी 75 आणि टोकाशी 45.

दुसरा पंख याहून हलका होता, 4.3 ग्रॅम. पण तो वर जातानाच गेला. मोटर पेटली, ग्लायडर सरळ चढला, मग फर्रर्र आवाज आला आणि डावी बाजू मध्यावर पीळ बसून फाटली. फ्लटर, म्हणजे वेगात पंखाचं आपोआप वाढत जाणारं थरथरणं. तरंगताना पंखावर फारसा भार नसतो. त्याची खरी परीक्षा चढाईच्या त्या दोन क्षणांत होते.

तुटलेला तुकडा बोटांत धरून पिळला तेव्हा कारण हाताला लागलं. वजन उतरवायला मी चौकोनी खिडक्या कापल्या होत्या. असा पंख वाकायला ताठ असतो, पण पिळायला अगदी मऊ. या वेळी मधल्या पट्ट्या तिरप्या ठेवल्या, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. खिडक्या त्रिकोणी झाल्या, वजन 0.3 ग्रॅमने वाढलं, आणि पंख आता पिळता पिळत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या वेलिंग्टन बॉम्बरचा सांगाडाही असाच तिरप्या पट्ट्यांच्या जाळीचा होता.

निम्मं काम लाकूड निवडण्यातच होतं. 3 मिमी जाडीची 75 × 900 ची बाल्सा शीट 20 ग्रॅम भरली, म्हणजे घनता साधारण 0.1 ग्रॅम प्रति घन सेंमी. त्याच मापाची 32 ग्रॅमची शीटही सर्रास मिळते आणि डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून काटा सोबत ठेवाच. मी सी-ग्रेन, म्हणजे खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली शीट, घेतली: उजेडात तिरपी धरली की खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात. ती आडवी सहज वाकत नाही, पंखाला हेच हवं.

पॉलिश पेपरने आकार देताना सर्वांत जास्त जाडी पुढच्या कडेपासून 30 टक्क्यांवर ठेवली आणि टोकाकडे 1.5 मिमीपर्यंत उतरवली. टोकाकडचं वजन जितकं कमी, तितका ग्लायडर कलल्यावर चटकन सावरतो.

पातळ केलेल्या डोपचे दोनच हात दिले. सुकताना टिश्यू ओढते, म्हणून दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली 1.5 मिमीची पट्टी सरकवून पंख रात्रभर फळीवर पिनांनी दाबून ठेवला. वॉशआउट, म्हणजे टोकाची मागची कड किंचित वर उचलणारा पीळ, दोन्हीकडे सारखा आला.

आता डायहेड्रलचा, म्हणजे दोन्ही टोकं वर उचलणाऱ्या कोनाचा, जोड. मग मोटरची रिकामी केसिंग (जळून उरलेली नळी) बसवून हातफेकीची चाचणी, कारण हा ग्लायडर ती पोटात घेऊनच खाली येतो.