पहिला मान काकूंचा

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि लिहायला बसलो. पण विज्ञानाच्या सरांपलीकडे लेखणी सरकेना. नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना कळलं असेलच.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी आठवीत होतो. त्याच्यासाठी सरांनी घरीच दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासायला घेतला होता. काचेच्या दोन जाड चकत्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. घासता घासता वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगीर. आणि इतके दिवस घासून मधोमध खोली मिळवायची ती जेमतेम सव्वा मिलिमीटर! पिंपावर चकत्या ठेवून सर भोवती फिरत घासायचे आणि फिरता फिरता धाकटीचे पाढे घ्यायचे. पाढे झाल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. तो सरांनाही लागू होता.

शेवटच्या पॉलिशला मी मदतीला होतो. हात नीट न धुताच मी चकती उचलून दिली. नखात भरड पुडीचा कण राहिला असणार. दोन-चार हात फिरले आणि करकर झालं. सरांनी आरसा धुऊन दिव्याकडे तिरपा धरला. कडेपासून आत केसाएवढा ओरखडा. मला रडूच फुटलं. सर म्हणाले, "अरे, एवढ्या रेघेनं शनीची कडी अडत नाहीत. हात धुऊन ये परत."

परत ये म्हणाले!

मार्चमधल्या पहाटे दुर्बीण लागली. पहिला मान काकूंचा, नेहमीसारखाच. त्यांचं डगमगणारं स्टूल सरांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. धूमकेतू पुसट होता, पण शनी दिसला आणि काकू "अगं बाई!" म्हणाल्या. सर आकाशाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते.

आज मी भिंगं तपासण्याच्या कामात आहे, हाताखाली बारा जण आहेत. नव्या मुलाला पहिल्या दिवशी हात कसे धुवायचे ते मीच दाखवतो. शाळेच्या गच्चीला आता रात्री कुलूप असतं, त्याचं फार वाईट वाटतं.

सर गेल्यावर काकूंनी तो आरसा माझ्या हवाली केला. त्याचा मुलामा काळवंडलाय. नवा चढवायला दिलाय, ओरखड्याला मात्र हात लावू नका म्हणून सांगितलंय. सुवर्णमहोत्सवाच्या रात्री गच्ची उघडून द्यावी, एवढी विनंती. काकू येणार आहेत. स्टूल मी धरीन.