माझा भरतीचा प्रोजेक्ट, आणि थोडंसं माझ्याबद्दल

मी ऐरोलीला राहते, यंदा दहावीला आहे. आधी माझी ओळख पटकन सांगून टाकते म्हणजे मग आवडीच्या विषयावर निवांत बोलता येईल. मला गणित आवडतं, भूगोल त्याहून जास्त आवडतो, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्यात, सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी पास होऊन प्रॅक्टिकलपर्यंत गेले होते. शाळेच्या लंगडीच्या टीममध्येही आहे. पण कोणी विचारलं की तू आजवर केलेलं सगळ्यात भारी काय, तर मी नववीतला भरतीचा प्रोजेक्टच सांगते.

सुरुवात फ्लेमिंगोंपासून झाली. आमच्याकडे हिवाळ्यात खाडी गुलाबी होते हे नवी मुंबईकरांना नव्याने सांगायला नको, ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) पण आला. मी बाबांसोबत पक्षी बघायला जायला लागले तेव्हा कळलं की इथे सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, मग पक्षी त्यात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खात बसतात (त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच ते गुलाबी होतात, पिल्लं राखाडी असतात). भरती आली की सगळे मागे सरकतात, आणि बोटीसुद्धा भरती बघूनच सुटतात. म्हणजे पक्षी बघायचे तर आधी भरती कधी येणार ते माहीत पाहिजे, त्यासाठी मी मोबाईलवर टाइमटेबल बघायचे.

माझी मैत्रीण दिवा कोळीवाड्यातली. एकदा तिच्या घरी बसलो होतो, मी फोन काढून भरती किती वाजता आहे ते शोधत होते, तर तिची आजी पापलेट साफ करता करता वर पण न बघता म्हणाली, "आज सप्तमी हाय ना बाय, मंग सव्वापाचला पानी भरल." मी विचारलं, आजी तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाली तिथीचा पाव काढून टाकायचा, उरलं ते वाजलेले. सात, त्यातून पावणेदोन गेले, सव्वापाच.

बस, एवढाच नियम. तिथी गुणिले पाऊण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. कोकणात हा नियम कितीतरी लोकांना तोंडपाठ आहे असं मला नंतर कळलं, पण मी तो पहिल्यांदाच ऐकत होते आणि मला त्या रात्री झोपच येईना, कारण तो बरोबर कसा येतो हेच कळत नव्हतं. पंचांगाचा आणि खाडीच्या पाण्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो सापडला तेव्हा मी खरंच ओरडले होते. तिथी म्हणजे नुसती तारीख नाही, ते चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर आहे, अंशांमध्ये मोजलेलं. चंद्र सूर्यापेक्षा १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, ३० तिथ्यांत ३६० अंश. आता पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास लागतात म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं, मग बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणून प्रत्येक तिथीला चंद्र साधारण ४८ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच उशिरा येते. आजीच्या नियमात तिथीला ४५ मिनिटं धरलीत. ४८ ने मनातल्या मनात गुणत बसण्यापेक्षा पाऊणपट करणं कितीतरी सोपं, होडी सोडायच्या वेळी कोण कागद घेऊन बसणार! आणि वद्य पक्षात परत एकपासून का, तर भरती दिवसातून दोनदा येते, एक चंद्राच्या बाजूला आणि एक त्याच्या बरोबर उलट बाजूला, त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र अमावस्येच्या विरुद्ध बाजूला असला तरी भरतीची वेळ साधारण तीच राहते.

अजून एक, हा नियम सगळ्या किनाऱ्यांना तसाच्या तसा लागू होत नाही. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने पाणी चढणार हे किनारा आणि समुद्रतळ कसा आहे त्यावर ठरतं आणि प्रत्येक बंदराचं ते वेगळं असतं. आपल्या मुंबईला अमावस्या-पौर्णिमेची भरती नेमकी दुपारी बाराच्या आसपास पडते म्हणून हे गणित शून्यापासून सुरू करता येतं, वेगळं काही मिळवायला लागत नाही.

मग प्रोजेक्ट केला. मुंबई बंदराच्या भरतीच्या छापील वेळा घेतल्या, पंचांगातून तिथ्या घेतल्या (तिथी संपायची वेळ बघूनच, कारण तिथी कधी १९-२० तासांची असते तर कधी २६ तासांची), नियमाने येणारी वेळ काढली आणि फरकाचा ग्राफ काढला. शिवाय सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर जाऊन स्वतः बघितलं. भरती नक्की कधी पूर्ण झाली हे ओळखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहे. पायरीवर खडूने खूण करून बसलं तरी शेवटी शेवटी पाणी इतकं हळू चढतं की चढतंय का थांबलंय कळत नाही. मैत्रिणीच्या काकांनी युक्ती सांगितली, पाण्याच्या उंचीकडे बघू नकोस, पाण्यावरच्या पानांकडे बघ. आणि खरंच, तिवराची पिवळी पानं, थर्माकोलचे तुकडे, फेस हे सगळं वर ठाण्याच्या दिशेने वाहत असतं, मग हळू होतं, मग काही वेळ जागच्या जागी नुसतं हलत राहतं आणि मग एखादं पान उलटं वाशीकडे निघतं. ते पान निघालं की मी घड्याळ बघायचे. आमच्याकडे पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं हेही त्यातूनच दिसलं.

ग्राफ आला तो सरळ रेषेचा नव्हता, लाटेसारखा होता. प्रतिपदा-द्वितीयेला नियम जवळजवळ तंतोतंत. मग पंचमी-षष्ठीच्या सुमारास खरी भरती नियमाच्या आधीच येते, आणि अष्टमी उलटून गेल्यावर चित्र फिरतं, त्रयोदशी-चतुर्दशी-पौर्णिमेला भरती नियमापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा. थोडा फरक ४५ आणि ४८ मधला, तीन-तीन मिनिटं करत तो पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतो, पण लाटेचं कारण सूर्य. सूर्याचा भरतीवरचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, पण असतो ना, तो कधी भरतीला पुढे ओढतो कधी मागे. उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठी भरती असते तेव्हा) भरती रोज साधारण ४० मिनिटांनीच सरकते आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, लहान भरती असते तेव्हा) तासाहून जास्त. नियमात मात्र रोज ४५.

हा ग्राफ घेऊन मी आजीकडे गेले. लाट बोटाने दाखवली, इथे तुमचा नियम पुढे जातो, इथे मागे पडतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उधानाचा नि भांगाचा हिशोब वेगला असतोच ना बाय, तो पान्यावर गेल्यावर कलतो." म्हणजे त्यांना माहीत होतं! पाऊणपट हा फक्त पाया होता, वरची दुरुस्ती त्या अनुभवाने करत होत्या, मला ती ग्राफ काढल्यावर दिसली.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून प्रोजेक्ट तालुक्याला गेला. तिथे एका परीक्षकांनी विचारलं की पंचांग कशाला आणलंय, हे विज्ञान प्रदर्शन आहे. मी त्यांना टेनिस बॉल आणि टॉर्च घेऊन तिथी म्हणजे १२ अंशांचा कोन कसा ते दाखवलं, मग त्यांनीच आठवून विचारलं की आज तिथी कुठली, आणि दशमी होती म्हणून मी साडेसात सांगितलं आणि वर म्हटलं की सर पण दशमीला थोडा उशीर धरायचा. त्यांनी तिथल्या तिथे फोनवर बघितलं, आठ वाजून गेल्यानंतरची वेळ होती. दुसरा नंबर आला. सर्टिफिकेट आईने लॅमिनेट केलंय. माझ्यासाठी त्या सरांनी फोन खिशात ठेवून पाठीवर दिलेली थाप जास्त मोठी आहे.

आई-बाबांना वाटतं दहावीच्या वर्षात हे बाजूला ठेवावं, आणि मी अभ्यास करतेच आहे, पण पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी येते ना पेपरात, ती मी कापून ठेवलीये. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती, पाण्याला जायला जागाच नव्हती, हे बाबा दरवर्षी सांगतात. मला बघायचंय की जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र आलं की ऐरोलीच्या जेट्टीवर पाणी छापील वेळेनंतर किती उशिरा उतरतं. बोर्डाची परीक्षा झाली की त्यासाठी जेट्टीजवळ एक आकडे रंगवलेली पट्टी कायमची लावायची आहे, काकांनी जागा बघून ठेवलीये.

तोपर्यंत एक काम तुमच्यासाठी. करावे, दिवाळे, उरण, वसई, अलिबाग, कुठल्याही किनाऱ्यावरचे असाल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की भरती कशी मोजता, पाऊणपटच करता की वर काही मिळवता, आणि भांगाला काय करता, आणि मला कळवा. गावाचं नाव नक्की लिहा, मला ते नकाशावर मांडायचंय.