जयंतराव पाटील: पहिल्या मतापासून पाहिलेली वाटचाल

17 जानेवारी 1984 रोजी सांगली जिल्ह्यातील वाळव्याचे नेते व माजी मंत्री राजारामबापू पाटील गेले, तेव्हा मी आपल्या शाळेत आठवीत शिकत होतो. प्रार्थनेनंतर शोकसभा झाली आणि शाळा सुटली. परंतु दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गात एकच प्रश्न होता, तो म्हणजे आता बापूंच्या जागी कोण? सरांनी दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते. "जमीन वारसाने सातबाऱ्यावर चढते, आमदारकी चढत नाही. ती दर वेळी लोकांकडे मागावी लागते."

बापूंचे चिरंजीव जयंतराव यांची तेव्हा बाविशीही पूर्ण झालेली नव्हती. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले होते, तेथून त्यांना परतावे लागले. बापूंनी 1945 मध्ये स्थापन केलेली कासेगाव शिक्षण संस्था, साखराळ्याचा साखर कारखाना आणि पदयात्रांतून गावोगावी जोडलेली माणसे असा मोठा वारसा त्यांच्यापुढे होता. तरीही विधानसभेत जाण्यापूर्वी सहा वर्षे गेली. त्या वर्षांत ऊस, पाणी आणि सहकार यांची जी ओळख त्यांना झाली असेल, तिचे मोल मला त्यांच्या पुढील कोणत्याही पदापेक्षा अधिक वाटते.

1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, म्हणून 1990 च्या विधानसभा निवडणुकीत मला विशीतच पहिले मत देता आले. त्या निवडणुकीत जयंतराव वाळव्यातून प्रथमच आमदार झाले. 1999 मध्ये राज्याचे अर्थखाते त्यांच्याकडे आले आणि त्यांनी सलग नऊ अर्थसंकल्प मांडले. विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर 1 एप्रिल 2005 पासून लागू झाला, तोही त्यांच्याच काळात. पुढे गृह आणि ग्रामविकास ही खातीही त्यांनी सांभाळली. 2018 पासून सात वर्षे ते राष्ट्रवादी काँग्रेसचे, फुटीनंतर शरद पवार यांच्या पक्षाचे, प्रदेशाध्यक्ष होते.

माझ्या दृष्टीने मात्र 2019 नंतरचे त्यांचे जलसंपदा खाते सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचे कारण आपल्या शाळेतच आहे. माझ्या बाकावर जत तालुक्याच्या पूर्व भागातील एक मुलगा बसे. नातेवाइकांकडे राहून तो शिकत होता. आमच्या उसाच्या पाटात तो कितीतरी वेळ पाय सोडून बसे, कारण त्याच्या गावी पिण्याचे पाणीसुद्धा टँकरने येत असे. कृष्णाकाठच्या आम्हा मुलांना पाणी म्हणजे काय हे त्याने न बोलता शिकवले. जतमधील वंचित 65 गावांसाठी 6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देण्याचा निर्णय जयंतरावांच्या कार्यकाळात झाला, तेव्हा पहिला फोन त्याचाच आला.

2019 मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपुरातून सुमारे 72 हजारांच्या मताधिक्याने निवडून आलेले जयंतराव 2024 मध्ये सुमारे 13 हजारांनी विजयी झाले. मतमोजणीच्या त्या दिवशी मला सरांचा सातबारा आठवला. सर आज हयात नाहीत. बाकावरचा मित्र मात्र शाळेच्या महोत्सवाला येणार आहे. त्याच्या शिवारात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले की मला घेऊन जाण्याचे त्याने कबूल केले आहे.