तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराशिवाय खात्री कशी देता?

लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, लॅबमध्ये नवी आलेली मुलंही विचारतात. ‘प्राण्यांवर न तपासता एखादं रसायन सुरक्षित आहे असं सांगता तरी कसं?’ आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. ते उत्तर अर्धवट होतं.

मी त्वचेच्या ॲलर्जीपुरतंच बोलते, कारण माझं काम तेवढंच. ॲलर्जी एका झटक्यात होत नाही. रसायन आधी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, मग त्वचेच्या पेशी खवळतात, मग पहारेकरी पेशी जाग्या होऊन लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे प्रतिकारपेशींच्या गाठींपर्यंत, खबर नेतात. या तीन पायऱ्यांसाठी तीन चाचण्या आहेत. तीनपैकी दोन ज्या बाजूला, तो निकाल. चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शिका ४९७ काढून ही पद्धत अधिकृत केली.

माझी गोष्ट २०१९ची. एक तेलकट, पाण्यात न विरघळणारं रसायन आलं होतं. पहिल्या चाचणीत पेप्टाइडबरोबर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याबरोबर, चोवीस तास ठेवल्यावर पेप्टाइड सरासरी ५.९ टक्के घटलं. मर्यादा ६.३८, घट त्याच्या आत, म्हणजे निगेटिव्ह, ॲलर्जीची खूण नाही. दुसरी चाचणी पॉझिटिव्ह. तिसरी, पहारेकरी पेशींची, निगेटिव्ह. दोन विरुद्ध एक. ‘ॲलर्जीकारक नाही’ असं लिहून मी सही केली.

पण तेलात विरघळण्याचा आकडा, लॉग पी, ३.५ च्या वर असेल तर तिसऱ्या चाचणीच्या निगेटिव्हवर विसंबू नये, हे त्या चाचणीच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं होतं. आमच्या रसायनाचा ३.९ होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते रिपोर्टच्या ‘मर्यादा’ या परिच्छेदात नोंदवलं आणि निष्कर्षात येऊ दिलं नाही. चूक लपवली नव्हती, असं मी कित्येक महिने स्वतःला सांगत होते. पण निष्कर्षाच्या पुढे कोण वाचतं, हेही मला ठाऊक होतं.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका देशातल्या नोंदणीसाठी स्पॉन्सरने, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीने, उंदरांवरची चाचणी मागितली. ती आमच्याच ॲनिमल हाउसमध्ये झाली. पंचवीस माद्या. तीन दिवस दोन्ही कानांवर थेंब, पाचव्या दिवशी इंजेक्शन, सहाव्या दिवशी त्यांना मारून लिम्फ नोड काढायचे. मला जायची गरज नव्हती, तरी मी रोज खाली जात होते. याच उंदरांना आपण वाचवलं, असं मी घरी सांगितलं होतं. लिम्फ नोडमधल्या पेशी किती पटीने वाढल्या, त्याचा निर्देशांक २.४ आला. १.६ च्या वर गेला की पॉझिटिव्ह.

त्या वेळची मी आजच्या मला म्हणते, उंदीर तरी कुठे अचूक असतो? खरंच आहे. सोडियम लॉरिल सल्फेटने नुसती जळजळ होते, तरी उंदीर त्याला ॲलर्जीकारक ठरवतो. तेव्हा माझा निष्कर्ष माणसाच्या बाबतीत बरोबरही असेल. पण तो बरोबर निघाला तरी मी तो ज्या रीतीने काढला ती रीत चुकीचीच होती. मी मतं मोजली. कोणतं मत ग्राह्य धरायचं, हे पाहिलंच नाही.

आता ४९७ मध्ये ५.९ सारखा आकडा सीमेवरचा मानतात, आणि लॉग पी जास्त असेल तर तिसरीचं निगेटिव्ह धरत नाहीत. तेच रसायन आज आलं तर मी ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहीन. हे प्रामाणिक आहे, पण पुरेसं आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या महिन्यात असंच लिहिलं, तर स्पॉन्सरचा फोन आला, ‘मॅडम, आमच्या माणसांनी ड्रम उघडायचा की नाही?’ हातमोजे घालूनच उघडा, एवढंच मी सांगू शकले. पुढची चाचणी उंदरांवर करायची का, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.